मुंबईचा कारकून, राजाचा खजिनदार

सौदी अरेबिया म्हटले की आपल्याला आठवतात तेलाच्या विहिरी आणि तिथून सुटीवर आलेल्या शेजाऱ्यांच्या फुगलेल्या बॅगा. पण त्या तेलाच्या पहिल्या करारावर राजाच्या वतीने ज्याने सही केली, तो गृहस्थ तरुणपणी आपल्या मुंबईत एका अरब व्यापाऱ्याकडे नोकरीला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

नाव अब्दुल्ला अल सुलेमान, गाव नज्द प्रांतातले उनैझा. मुंबईत व्यापाराचे धडे गिरवून त्याने बहारीनला स्वतःचा धंदा थाटला आणि तो बुडाला. पुढे भावाच्या पाठोपाठ तो राजा इब्न सौद यांच्या दफ्तरात लेखनिक म्हणून शिरला आणि 1932 साली नव्या राज्याचा अर्थमंत्री झाला. धंद्यात बुडालेल्या माणसाला आम्ही बँकवाल्यांनी कर्जसुद्धा दिले नसते. राजाने तिजोरी दिली!

तिजोरीत होते काय? मुख्य मिळकत हज यात्रेकरूंची. जागतिक मंदीत तीही आटली. एके काळी लाखाच्या घरात गेलेले परदेशी यात्रेकरू 1933 साली वीसेक हजारांवर आले. जेद्दाच्या व्यापाऱ्यांची देणी थकली, पगार तुंबले. त्यात राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा खर्च यांच्यात भिंत नाही. टोळीप्रमुख भेटीला आले की बिदागी द्यायची. ती कुठून आणायची, हे सुलेमानने पाहायचे.

अशा वेळी 29 मे 1933 रोजी जेद्दात करार झाला. समोर कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलचे वकील लॉइड हॅमिल्टन. मुदत 60 वर्षे, आणि पैसे सोन्यात. अमेरिकेने तेव्हाच सोने देशाबाहेर जाऊ देणे बंद केले होते. म्हणून कंपनीने लंडनहून 35 हजार सॉव्हरिन बोटीने पाठवल्या. 30 हजार कर्जाच्या, 5 हजार पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या. यात्रेकरूंच्या सोयीसाठी जेद्दात शाखा उघडलेल्या एका डच बँकेत ऑगस्टमध्ये त्या मोजल्या गेल्या. 35 हजार नाणी मोजणे म्हणजे काय, ते कॅशमध्ये बसलेल्यालाच कळेल. बोटे बधिर होतात, आणि शेवटी एक कमी भरले तर पुन्हा पहिल्यापासून!

मार्च 1938 मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागले. 1950 च्या डिसेंबरात याच सुलेमानने कंपनीकडून नफ्याचा निम्मा वाटा पदरात पाडून घेतला. पैसा आला आणि नवल म्हणजे कर्जही वाढले, कारण राजवाडेही वाढले. सुलेमानने स्वतःचे भले केले, असे आरोप झाले. ते अगदीच निराधार नसावेत. पण ज्या खात्यातून पैसे काढणाऱ्याला 'शिल्लक नाही' असे सांगायची सोयच नाही, त्या खात्याचा हिशेब कुणी कसा जुळवावा? 1952 साली अमेरिकन सल्लागारांच्या मदतीने मध्यवर्ती बँक निघाली आणि त्याच्या हातातली किल्ली सैल होऊ लागली. नोव्हेंबर 1953 मध्ये राजा वारला. पुढच्याच वर्षी सुलेमानने खाते सोडले आणि पुन्हा धंद्यात उतरला. 1965 साली तो गेला.