पहिला चित्रपट आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी संस्था

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या गावी येणाऱ्या प्रत्येकाला येथील मूर्ती भूमीला न टेकता उभी असल्याचे सांगितले जाते. तो श्रद्धेचा विषय आहे. आजचा आपला विषय मात्र असा आहे की, त्याला अधांतरी उभे राहता येत नाही. कवी कागदावर कविता लिहितो, चित्रकार रंगांची पेटी घेऊन बसतो. पण चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, माणसे हवीत, त्यांचे जेवणखाण हवे आणि या सर्वांचा खर्च सोसणारा कोणीतरी हवा. म्हणून गावातला एखादा तरुण जेव्हा घरी सांगतो की, ‘मला चित्रपट लिहावयाचा आहे आणि दिग्दर्शितही करावयाचा आहे’, तेव्हा वडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कलेचा नव्हे, पोटाचा. तो प्रश्न क्षुद्र नाही. त्याचेच उत्तर आज शोधावयाचे आहे.

हे उत्तर महाराष्ट्राने एकदा फार चांगले दिले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि आपल्या कारखान्यात घडविलेल्या कॅमेऱ्याने १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. त्याच साली व्ही. शांताराम हा तरुण तेथे उमेदवारीस लागला. तेथे कामाची वाटणी ठरलेली नव्हती. पडेल ते काम करावयाचे, वेळ आली तर भूमिकाही करावयाची. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मधला शेतकरी शांतारामांनीच रंगविला. पुढे १९२७ साली ‘नेताजी पालकर’ हा चित्रपट त्यांच्या हाती दिला गेला आणि १९२८ साली दामले व फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. म्हणजे शिकाऊ माणसाच्या हाती सबंध चित्रपट सोपविण्याचे धैर्य त्या संस्थेत होते.

१९२९ साली हीच मंडळी बाहेर पडली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ‘प्रभात’ची स्थापना केली व १९३३ साली ती पुण्यास हलविली. येथे कलावंत व तंत्रज्ञ मासिक पगारावर असत. एखादा चित्रपट पडला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाची चूल विझत नसे. या आधारावरच दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. १९४२ साली शांताराम वेगळे झाले; तरीही राजा नेने, गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर यांच्यासारख्यांना प्रभातने दिग्दर्शनाची संधी दिली. पुढे दहाबारा वर्षांत संस्था बंद पडली. त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. शिक्षणाला शाळा मिळाली. पण उमेदवारीला पगार देणारे घर मात्र मोडले.

मग आजच्या तरुणाने काय करावे? येथे दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत.

पहिले चैतन्य ताम्हाणे यांचे. त्यांच्यापाशी ‘कोर्ट’ची कल्पना होती, पैसा नव्हता. विवेक गोंबर या नट-मित्राने त्यांना वर्षभर दरमहा सुमारे १५,००० रुपये दिले. काम एकच, बसून लिहावयाचे. पुढे गोंबर यांच्याच झू एंटरटेनमेंट या छोट्या संस्थेने चित्रपटाची निर्मिती केली. २०१४ साली व्हेनिसला त्याचा सन्मान झाला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, संस्थेने दिग्दर्शकाचा हात सोडला नाही. २०२० सालचा ‘द डिसायपल’ही त्याच जोडीने केला. पहिल्या चित्रपटाला मदत करणारे पुष्कळ भेटतात. माणसाचा कस आणि संस्थेचाही कस दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी लागतो.

दुसरे उदाहरण नागराज मंजुळे यांचे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या या मुलाने शिकत असतानाच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. पुढे ‘फँड्री’ आणि २०१६ सालचा ‘सैराट’ आला. यश मिळाल्यावर त्यांनी ‘आटपाट’ या आपल्या संस्थेचे दार इतरांना उघडले. त्यांचे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी २०१८ साली ‘नाळ’ लिहिला व दिग्दर्शित केला आणि पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. त्यातला चैतू झालेला श्रीनिवास पोकळे हा मुलगा तर आपल्या अमरावतीचा. २०२३ साली हेमंत जंगल अवताडे यांनी ‘घर बंदूक बिर्याणी’ दिग्दर्शित केला. ज्याने कॅमेरा सांभाळला तोच उद्या दिग्दर्शक होतो, ही कोल्हापूरची जुनी रीत येथे पुन्हा दिसते.

यावरून चांगली चित्रसंस्था कोणती हे ओळखता येते. ती लिहिण्याच्या काळात पोटाला आधार देते. हाताखालच्या माणसाला जबाबदारी देते. आणि पहिल्या यशापयशानंतरही त्याला दुसरी संधी देते. या तिन्हींपैकी एकही जिच्यापाशी नाही, ती केवळ कामावर लावणारी पेढी समजावी.

मात्र स्नेह कितीही असला तरी कागद करून घ्यावा. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हा उशीर झालेला असतो. २०१२ सालच्या दुरुस्तीने लेखकाला एवढे संरक्षण दिले की, चित्रपटगृहाबाहेर त्याच्या लेखनाचा जो उपयोग होईल त्याच्या मानधनातील वाटा त्याला सोडून देता येत नाही. दिग्दर्शकाला असे कवच नाही. म्हणून जो लेखकही आहे आणि दिग्दर्शकही, त्याने आपली पटकथा स्वतःच्या नावावर आधी नोंदवावी, मग दुसऱ्याच्या हाती द्यावी.

सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मुलाने हा मार्ग धरतो म्हटले तर ‘मुंबईला जाऊन काय मिळवशील?’ एवढेच विचारू नका. ‘कोणापाशी शिकशील? वर्षभर काय लिहिशील? करार काय झाला?’ हे तीन प्रश्न विचारा. ज्याला त्यांची उत्तरे देता येतात, त्याला घरातून निघताना शिदोरी द्या. सराफी पेढी सांभाळणाऱ्या सीतारामपंतांनी एके काळी तेच केले होते, आणि त्यातूनच पुढे ‘तुकाराम’ निघाला.