मधला आरसा
लेखमाला : गाडी आपली, हात आपले (लेखांक ९)

आरसा पडतो तो बहुतेक वेळा उभ्या गाडीत, भर दुपारी. मालक दार उघडतो तर मधला आरसा शेजारच्या सीटवर पालथा. गाडी कुठे आदळलेली नाही, कोणी हात लावलेला नाही. मग पहिला संशय पोरांवर, दुसरा गाडी धुणाऱ्यावर. खरं कारण मात्र पुढच्या काचेवर आहे. तिथे जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची धातूची टिकली गोंदाने चिकटवलेली असते आणि आरशाचा सगळा भार तिच्यावर असतो.

एप्रिल-मेमध्ये अकोला-चंद्रपूरकडे उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतली हवा साठ अंशांच्या पुढे सहज जाते. काचेच्या वरच्या कडेचा काळा पट्टा आणखी तापतो, आणि बऱ्याच गाड्यांत टिकली नेमकी त्याच पट्ट्यावर असते. तापल्यावर काच फुगते, धातूही फुगतो, पण सारखे नाहीत. टिकली जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असेल तर ती काचेच्या जवळपास तिप्पट फुगते. रोज दुपारी ताण, रोज रात्री ढिलाई, आणि मध्ये अडकलेला गोंदाचा पातळ थर. वर्षानुवर्षं हे चाललं की थर सुटतो. त्यात आरशाला रुद्राक्षाची माळ, अत्तराची बाटली आणि बाळाचा पहिला बूट लटकत असेल तर प्रत्येक खड्ड्यात त्या टिकलीला हिसका बसतो तो वेगळाच.

बाजारात जाण्याआधी आपल्या गाडीचा आरसा कुठे बसतो ते पाहा. कित्येक जुन्या गाड्यांत तो काचेवर नसतोच. छताच्या पुढच्या पट्टीला स्क्रूंनी बसवलेला असतो. तिथे स्क्रू काढा, नवा आरसा लावा, संपलं. काचेवर बसणाऱ्यांतही प्रकार आहेत. काही खालून बारीक स्क्रूने आवळलेले असतात, काही स्प्रिंगच्या क्लिपवर, आणि काही युरोपीय गाड्यांत तर आरशाचा दांडा पाव फेरा फिरवून निघतो. जबरदस्तीने ओढून पाहायची ही जागा नव्हे. पुढची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये दाबलेला प्लास्टिकचा पारदर्शक थर. आतली काच जेमतेम दोन मिलिमीटरची असते. टिकली पिरगाळून उपटली तर ती काचेचा कपचा घेऊन येते, आणि मग शे-दोनशेंचं काम काही हजारांवर जातं.

आरसा तुटला असेल पण टिकली काचेवर घट्ट असेल, तर टिकलीला हातसुद्धा लावू नका. त्याच मापाचा नवा आरसा तिच्यावर सरकवायचा. निम्म्या वेळा काम एवढंच असतं, आणि लोक उगाच गोंद शोधत फिरतात.

आता ज्यांची नुसती काच तडकली आहे त्यांच्यासाठी थोडं थांबू, कारण फसगत सगळ्यात जास्त इथे होते. कोपऱ्यावरचा काचवाला म्हणतो, चौकट आणा, मापाची काच कापून देतो. देतोही, आणि दिवसा फरक कळतही नाही. रात्री महामार्गावर मागून ट्रक अप्पर मारत येतो, तुम्ही सवयीने आरशाखालची कळ ओढता, आणि डोळ्यांवरचा झोत मंद होण्याऐवजी आरशात आपलंच छत दिसतं.

याचं कारण मूळ काच सपाट पत्र्यासारखी नसते. ती पाचरीच्या आकाराची असते. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. जुनी फुटकी काच चौकटीतून काढून दोन्ही कडा बोटांत धरून पाहा, फरक हाताला लागतो. पाचर असल्यामुळे तिचा पुढचा पृष्ठभाग आणि मागचा चंदेरी मुलामा यांच्यात काही अंशांचा कोन राहतो, म्हणून एकाच दिव्याची दोन प्रतिबिंबं दोन वेगळ्या दिशांना जातात. मुलाम्यावरचं प्रतिबिंब लख्ख असतं. दिवसा आपण ते पाहतो. पुढच्या साध्या काचेवरचं प्रतिबिंब अगदी फिकं, कारण उघडी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच परत फेकते. कळ ओढली की आरसा जरा कलतो, लख्ख प्रतिबिंब छताकडे जातं आणि डोळ्यांसमोर ते फिकं उरतं. ट्रकचे दिवे दिसतात, पण टोचत नाहीत. ना वायर, ना बॅटरी.

पारख करायची तर रात्री घरातली ट्यूबलाइट त्या आरशात पाहा आणि आरसा हळूहळू कलता करा. पाचरीच्या काचेत ठळक ट्यूब एकीकडे सरकून जाते आणि तिच्या मागोमाग फिकी ट्यूब स्वतंत्रपणे येते. सपाट काचेत दोन्ही एकमेकींना चिकटूनच राहतात. म्हणून माझं सरळ मत आहे की काच कापून घेऊ नका. आख्खा आरसा घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या स्पेअर पार्टवाल्याकडे साध्या कळीचा आरसा फार महाग पडत नाही. भंगारातून उचलून आणलात तरी चालेल, फक्त दांड्याची खाच आपल्या टिकलीशी जुळते का ते पाहा आणि कळ वर-खाली करून बघा. मूळ आरशावर क्लिपने बसणारे लांबलचक फुगीर आरसेही मिळतात. त्यांत दिसतं भरपूर, पण मागची गाडी लहान आणि म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते, शिवाय खालची कळ निरुपयोगी होते. मला ते पटत नाहीत.

आता गोंद. घरात पहिल्यांदा हाताला लागते ती झटपट चिकटणारी छोटी ट्यूब. ती या कामाची नाही. तो गोंद काही सेकंदांत धरतो खरा, पण वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. धातू आणि काच यांची फुगण्यातली तफावत त्याला झेपत नाही, आणि वाळताना त्याच्या वाफेने आजूबाजूच्या काचेवर पांढुरका धूर बसतो. दुकानात ‘रिअर व्ह्यू मिरर’चा म्हणून वेगळा गोंद मागा. त्यात दोन वस्तू असतात, गोंदाची इवलीशी ट्यूब आणि एक पातळ द्रव. हा गोंद हवेत वाळत नाही; उलट हवा तोडली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतो. एका बाजूला काच असल्याने धातूचं काम तो पातळ द्रव करतो. हे लक्षात घेतलं की पुढची पथ्यं पाठ करावी लागत नाहीत. गोंद जास्त ओतला तर जास्त पक्कं होईल हा समज इथे उलटा पडतो. थर जाड झाला की मधला गोंद नीट धरत नाही, आणि कडेने बाहेर आलेला हवेत उघडा राहून चिकटच राहतो. एक थेंब पुरतो.

काम सकाळी, सावलीत करा. तापलेल्या काचेवर पातळ द्रव भुर्रकन उडतो आणि गोंद नीट दाबायच्या आत धरू लागतो. आधी जुन्या टिकलीची जागा काचेच्या बाहेरून मार्करने आखून घ्या. आतून आखली तर पुसतानाच जाईल. आतला जुना गोंद नव्या ब्लेडने, ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून खरवडा. जुन्या गोंदाचा काचेसारखा पापुद्रा सुटून येतो. तो नखाला लागेनासा होईपर्यंत खरवडत राहायचं. टिकलीची पाठ बारीक पॉलिश पेपरवर घासून स्वच्छ धातू दिसू द्या. मग दोन्हीकडे स्पिरिट लावून कोरड्या सुती कापडाने पुसा. काचा पुसायचा सुगंधी फवारा इथे नको, त्याचा थर मागे राहतो. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

टिकलीची दिशा तपासा. स्क्रूने आवळायच्या प्रकारात आरसा वरून खाली सरकत येऊन अडकतो, म्हणून तिची निमुळती बाजू बहुधा वर असते. काढण्याआधी फोनवर फोटो घेतलात तर प्रश्नच नाही. पातळ द्रव काचेवर आणि टिकलीवर लावा, पाकिटावर लिहिल्याइतका वाळू द्या, टिकलीवर गोंदाचा थेंब टाका आणि आखलेल्या जागी अंगठ्याने मिनिटभर घट्ट दाबून धरा. सरकवू नका, हलवून बघू नका. पाकिटं पंधरा मिनिटांचं आश्वासन देतात. मी रात्रभर टिकली तशीच सोडतो आणि सकाळी आरसा चढवतो. खालचा स्क्रू बोटांच्या जोरानेच आवळा. तो टिकलीला रेटतो आणि टिकली काचेला ओढते. फार आवळला तर टिकली सुटते किंवा काच तडकते.

आरसा मुद्दामच जरा कच्चा बसवलेला असतो हेही सांगायला हवं. अपघातात डोकं आदळलं तर त्याने निखळावं अशी रचना आहे. अमेरिकेच्या मोटार सुरक्षा मानक क्रमांक १११ मध्ये, डोकं आदळू शकेल अशा जागी असलेला आरसा ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोंच्या जोराने दुमडला किंवा तुटून पडला पाहिजे, अशी अट आहे. तेव्हा दांडा, खाच आणि गोळीचा सांधा एपॉक्सीने लिंपून ‘आता बघू कसा पडतो’ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

नवा आरसा थरथरत असेल तर दोष बहुधा दांड्याच्या गोळीच्या सांध्यात असतो. हा आजार आरशाइतकाच जुना आहे. १९११ साली इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरूनने जिंकली ती मार्मन वास्प गाडीत. इतर स्पर्धकांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक बसला होता. हॅरून एकटा होता आणि त्याच्यासमोर दांड्यांवर आरसा लावलेला होता. विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसलंच नाही, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच्याही दोन वर्षं आधी डोरोथी लेविट या इंग्लिश मोटारचालक बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता की गाडीत हातातला छोटा आरसा ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडतो.

आरशाच्या पाठीमागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल, तर घरचं काम इथेच थांबवा. कॅमेरा केसभर हलला तरी तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि त्याची यंत्रणा घरी नसते. आपोआप मंद होणाऱ्या आरशात पाचर नसते. दोन काचांमध्ये विजेने गडद होणारा रासायनिक थर असतो. असा आरसा तडकून त्यातून द्रव गळत असेल तर उघड्या हाताने पुसू नका, आणि वायरचा कनेक्टर ओढू नका, खटका दाबून सोडवा.

शेवटी आरसा लावायचा तो सीट आपल्या जागेवर आणून, पाठ टेकवून. मान न हलवता मागची काच पूर्ण दिसली पाहिजे, आणि हे कळ दिवसाच्या बाजूला असताना. रुद्राक्षाची माळ आता डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

पुढच्या आठवड्यात बाजूचे आरसे : ते फुगीर का असतात, आणि तडकलेली काच चौकट न मोडता कशी काढायची.