मैदानानंतर – भाग ६ : चढाईपटूची वर्षं

गेल्या भागात आपण वेगवान गोलंदाजाच्या खांद्याबद्दल बोललो. या आठवड्यात कबड्डीतला चढाईपटू. कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वाचकाला लोण म्हणजे काय आणि बोनस कधी मिळतो, हे समजावून सांगण्यात जागा घालवत नाही. ज्याच्या नावाने रात्री प्रकाशझोतात अख्खं मैदान ओरडतं, तो पोरगा पस्तिशीत काय करत असेल, हा या भागाचा विषय आहे.

त्यासाठी आधी थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. तिथल्या फुटबॉलमध्ये रनिंग बॅक नावाची जागा असते. चेंडू कुशीत घट्ट धरायचा, समोरच्या अकरा जणांत फट शोधायची आणि तीत घुसायचं, हे त्याचं काम. बहुतेक वेळा त्याचं धावणं थांबतं ते कुणीतरी त्याला जमिनीवर पाडल्यावर. चढाईपटूचा इतका जवळचा नातेवाईक जगातल्या दुसऱ्या खेळात मला दिसत नाही. दोघांच्याही वाट्याला एकट्याने गर्दीत शिरणं येतं, आणि दोघांचीही कारकीर्द वर्षांपेक्षा धडकांवर मोजावी लागते.

डेन्व्हर ब्राँकोजचा रनिंग बॅक टेरेल डेव्हिस याने १९९८च्या मोसमात २,००८ यार्डांची मजल मारली. पुढच्याच मोसमात गुडघा गेला. तो मोसम धरून तीन मोसमांत मिळून तो जेमतेम सतरा सामने खेळू शकला आणि तिशीच्या आत निवृत्त झाला. डेट्रॉइट लायन्सच्या बॅरी सँडर्सची गोष्ट वेगळी. दहा मोसमांत १५,२६९ यार्ड धावून तो जुलै १९९९ मध्ये, ३१व्या वर्षी थांबला. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा विक्रम गाठायला १,४५७ यार्ड कमी होते आणि आदल्याच मोसमात सँडर्स १,४९१ यार्ड धावला होता. म्हणजे एका मोसमाचं काम. तरीही त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. संघ सतत हरतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याला तो कंटाळला होता, असं त्याने पुढे सांगितलं. धडधाकट शरीराने आणि स्वतःच्या मर्जीने मैदान सोडणं या जागेवरच्या फार थोड्यांना जमलं आहे. मला सँडर्सचा तो निर्णय त्याच्या सगळ्या यार्डांपेक्षा मोठा वाटतो.

आता आपल्या मॅटवर येऊ. मुख्य चढाईपटू एका सामन्यात वीसएक चढाया करतो. समोर सहा किंवा सात जण असले की त्याला बोनस खुणावतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे सगळा भार एका पायावर. कोपरारक्षक याच क्षणाची वाट पाहत असतो. तो खाली झेपावतो आणि तोच टेकलेला घोटा दोन्ही हातांनी धरतो. चढाईपटूचं धड तोवर मध्यरेषेकडे वळलेलं असतं, पाऊल मात्र कोपऱ्याच्या मुठीत. मातीवर पाऊल थोडं घसरतं आणि पीळ जमिनीत जिरतो. मॅटवर बुटाचा तळवा चिकटून बसतो आणि तोच पीळ गुडघ्यात जातो. शिवाय वरून मध्यरक्षकाची धडक येते, ती वेगळीच. पकड फसली तर टाळ्या चढाईपटूला, पण गुडघ्याला पीळ बसायचा तो बसतोच.

कोपऱ्यातल्या माणसालाही लागतं, खांदा निखळतो, बोटं मोडतात. पण धडक कधी मारायची हे तो ठरवतो. चढाईपटूला ती सोसायची असते. कल्याणचा गिरीश इर्नाक आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा यांच्याकडे एकत्र पाहिलं की हा फरक कळतो. गिरीश डाव्या कोपऱ्यातला, रिशांक चढाईपटू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा रिशांक कर्णधार होता आणि गिरीश संघात. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघंही भारताकडून खेळले. उपांत्य फेरीत इराणने भारताला हरवलं आणि कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. प्रो कबड्डीत रिशांकने २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाकडून जयपूरविरुद्ध एकाच सामन्यात २८ गुण घेतले होते. २०१८च्या लिलावात त्याची बोली १ कोटी ११ लाखांवर गेली. आठव्या मोसमात तो बंगालकडून खेळला. गिरीश दहाव्या मोसमातही यू मुंबाच्या कोपऱ्यात उभा होता.

कोटीची बोली ऐकून ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आई-वडिलांचे डोळे विस्फारले असतील. विस्फारावेतच. ज्या पोराच्या हातात चषक आणि पाकीट यापलीकडे काही पडत नव्हतं, त्याला आज मोसमाचे लाखो रुपये मिळतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपल्याकडे चढाईपटूचं म्हातारपण आजवर बोलीने सांभाळलेलं नाही, ते नोकरीने सांभाळलं. पोलीस, रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या. व्यावसायिक संघ म्हणतात ते यांचेच. पोरगा विशीत खेळाडू म्हणून चिकटायचा, सकाळी सराव, दुपारी हजेरी, आणि गुडघा गेल्यावर त्याच कचेरीत टेबलामागे बसून अठ्ठावन्न-साठपर्यंत पगार घ्यायचा. स्वतः रिशांकही आधी देना बँक आणि मग भारत पेट्रोलियमकडून खेळला. या व्यवस्थेला कुणी कधी नावाजलं नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या कबड्डीची खरी कमाई तीच आहे.

ती आता आक्रसते आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. दोन्ही नावं एकेकाळी स्थानिक स्पर्धांच्या पत्रिकेवर दबदबा राखून होती. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धांत ‘उत्कृष्ट चढाई’ची ट्रॉफी उचलणाऱ्या पोराकडे ट्रॉफ्या खच्चून असतात, कागद मात्र नसतो.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. तिथे फुटबॉल लीगच्या निवृत्तिवेतनाला पात्र ठरायला तीन मोसम जमा व्हावे लागतात, आणि खेळाडू संघटनेच्या आकडेवारीत रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे त्या जागेवरचा सरासरी माणूस पेन्शनच्या उंबरठ्याच्या अलीकडेच गळतो. पण तिथे निदान उंबरठा आहे, आणि तो खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी भांडून मिळवलेला आहे. आपल्या चढाईपटूच्या बाजूने करारावर वाटाघाटी करायला तशी ताकदीची संघटना उभी नाही.

म्हणून ज्यांच्या घरात चढाई करणारा पोरगा आहे, त्यांना कळकळीने सांगतो. जिल्हा आणि राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा चुकवू नका. प्रमाणपत्र तिथूनच मिळतं. क्रेप बँडेज गुंडाळून एका रात्रीत तीन सामने खेळायला पाठवू नका. गुडघा पहिल्यांदा सुजला की एमआरआय काढा. फाटलेल्या लिगामेंटवर खेळत राहिलं तर कूर्चाही जाते आणि मग शस्त्रक्रियाही अपुरी पडते. आणि करार आला तर रक्कम पाहण्याआधी दोन कलमं वाचा: दुखापतीच्या काळात पैसे मिळणार का, आणि शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा.

(पुढील भागात : खो-खोपटूच्या पाठीचा कणा)