तेलाची बाटली आणि हरवलेलं वादळ

केसांना लावायच्या तेलावर गोष्ट लिहा. तेल गोष्टीत आलंच पाहिजे, पण ते जाहिरातीसारखं वाटता कामा नये आणि गोष्टीची गोडीही बिघडता कामा नये. जमली तर बक्षीस.

ही कुणाची थट्टा नाही. 1896 साली कोलकात्यात अशी कथास्पर्धा खरोखरच जाहीर झाली. तेलाचं नाव होतं ‘कुंतलीन’, सोबतीला ‘देलखोश’ नावाचं अत्तर, आणि स्पर्धा भरवणारे होते ही दोन्ही बनवणारे हेमेंद्रमोहन बोस. हा गृहस्थही भलताच. सुगंधी तेलं-अत्तरं विकता विकता त्यांनी सायकली विकल्या, मोटारी विकल्या, स्वतःचा छापखाना काढला आणि रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवला. आपलं तेल खपवायला बंगाली माणसाला गोष्टी लिहायला लावावं, ही कल्पना सुचायला असंच डोकं लागतं.

आता क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: तुम्ही काय लिहिलं असतं?

पहिल्या मिनिटात जे सुचतं ते बहुतेकांचं सारखंच असतं. नायिकेचे गुडघ्यापर्यंतचे केस. लग्नाच्या दिवशी सासूनं दिलेली बाटली. टक्कल पडलेला नवरदेव. तेल म्हटलं की डोकं आलं, डोकं म्हटलं की केस आले, आणि केस म्हटले की लग्न ठरलेलंच! त्या वर्षीही अशा गोष्टी आल्याच असतील. पण पहिलं बक्षीस मिळालेल्या गोष्टीत ते तेल डोक्यावर नाही, समुद्रात पडलं.

गोष्ट सुरू होते ती न घडलेल्या एका घटनेपासून. हवामान खात्यानं कोलकात्यावर मोठं चक्रीवादळ येणार असल्याचा इशारा दिलेला असतो. शहर श्वास रोखून वाट बघतं, आणि वादळ येतच नाही. गेलं कुठे? शास्त्रज्ञ गोंधळतात, वर्तमानपत्रांतून तर्कवितर्क झडतात, पण कुणालाच उलगडा होत नाही. मग निवेदक पुढे येतो आणि सांगतो, खरं काय झालं ते मला ठाऊक आहे. तापानं त्याचे केस गळलेले असतात, डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवलेला असतो, आणि निघताना लेकीनं केसांच्या तेलाची एक बाटली सामानात ठेवलेली असते. भर समुद्रात वादळ जहाजावर येतं. सगळे मरणाची वाट बघत असताना याला कुठेतरी वाचलेलं आठवतं की तेलानं लाटा शांत होतात. तो बाटली उघडतो आणि समुद्रात रिकामी करतो. वादळ शमतं. कोलकाता वाचतं. कारण? बाटलीभर कुंतलीन!

जाहिरातदाराला याहून मोठी जाहिरात काय हवी? आणि तरी ही जाहिरात वाटते का? अजिबात नाही. वाचक हसतो, चकित होतो, आणि तेलाचं नाव विसरत नाही. अट तंतोतंत पाळलेली आहे.

पण खरी मौज पुढेच आहे. लाटांवर तेल ओतणं ही निव्वळ थाप नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅममधल्या एका तळ्यावर हा प्रयोग करून पाहिला होता आणि 1774 साली त्याचा वृत्तांत छापला. चमचाभर तेल, आणि अर्ध्या एकराचं पाणी आरशासारखं नितळ! हिशेब करून बघा. एवढंसं तेल एवढ्या पाण्यावर पसरलं तर त्या थराची जाडी किती? मिलिमीटरचा सुमारे पाच लाखावा भाग. म्हणजे जवळपास एका रेणूएवढी. फ्रँकलिन नकळत रेणूच्या मापापर्यंत पोहोचले होते, आणि रेणू खरोखर असतात की नाही यावर तेव्हा वाद सुरू व्हायलाही अवकाश होता.

लाटा शांत का होतात? वारा पाण्याला ढकलतो तो मुख्यतः बारीक तरंगांना धरून. भिंतीवर चढणाऱ्याला पाय रोवायला खाच लागते, तशी वाऱ्याला हे तरंग लागतात. तेलाचा पातळ थर पृष्ठताणाच्या खेचाखेचीनं हे तरंग जन्मतःच विरवून टाकतो, मग वाऱ्याची पकड सुटते. अर्थात अख्खं चक्रीवादळ बाटलीभर तेलानं थांबत नाही. खऱ्या विज्ञानाचा एवढासा धागा घेऊन तो हवा तेवढा ताणायचा, हे लेखकाचं काम, आणि ते त्यानं बेमालूम केलं.

तो लेखक कोण होता? गोष्ट छापून आली तेव्हा तिच्यावर लेखकाचं नाव नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे. जगदीशचंद्र बोस! आदल्याच वर्षी, 1895 साली, याच शहरातल्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीआरपार जाणाऱ्या अदृश्य लहरींनी घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून लोकांना थक्क केलं होतं. त्या माणसानं वेळात वेळ काढून केसांच्या तेलावर गोष्ट लिहिली, आणि बंगालीतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांत आज तिची गणना होते. 1921 साली त्यांनी ती सुधारून ‘अव्यक्त’ या आपल्या पुस्तकात घेतली, तेव्हा स्पर्धा कधीच संपली होती. अट उरली नव्हती, गोष्ट मात्र भक्कम उभी होती.

आता प्रश्न असा, की अट नसती तर ती लिहिली गेली असती का?

गोष्ट आतून कशी बांधली गेली असेल ते उलट्या बाजूनं पाहू. तेल आलंच पाहिजे. बरं, तेल डोक्याशिवाय आणखी कुठे काम करतं? पाण्यावर. एवढं पाणी कुठे? समुद्रात. समुद्रात तेल ओतण्याची वेळ कुणावर येईल? वादळात सापडलेल्यावर. पण त्याच्याकडे केसांचं तेल कशाला? केस गळलेत म्हणून. का गळले? तापानं. मग तो जहाजावर कशाला? हवापालटासाठी. आणि वादळ थांबलं तर कोडं कुणाला पडेल? किनाऱ्यावर वाट बघणाऱ्यांना. बघा, एकेका ‘का?’ला उत्तर देता देता कथानक तयार झालं! बोस यांच्या मनात सगळं याच क्रमानं घडलं असेल असं नाही, पण सांधे इथेच आहेत. दोन वस्तू एकमेकींपासून जितक्या लांब, तितका त्यांच्यामधला पूल लांब, आणि त्या पुलालाच आपण गोष्ट म्हणतो.

‘काहीही लिहा’ असं सांगितलं की माणूस पहिल्यांदा सुचलेलं लिहितो. अट घातली की पहिलं सुचलेलं बसत नाही, दुसरं तोकडं पडतं, आणि मग नाइलाजानं मन अशा कोपऱ्यात शिरतं जिथे एरवी ते कधी गेलं नसतं. आपल्याकडे ही युक्ती फार जुनी आहे. संस्कृत कवींच्या सभांमध्ये समस्यापूर्ती चाले. श्लोकाचा शेवटचा चरण आधीच दिलेला, वरचे तीन कवीनं रचायचे. भोजराजाच्या नावावरच्या एका प्रसिद्ध कथेत तर दिलेल्या चरणात शब्दच नाहीत, नुसता ठणठणाट आहे! अर्थ शून्य. कवी काय करतो? तरुणीच्या हातून सुटलेला सोन्याचा घडा पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो असं दृश्य तो वरच्या चरणांत रचतो, आणि तो निरर्थक आवाज शेवटी नेमका जागेवर येऊन बसतो. हा प्रसंग दंतकथेतला असेल, पण शिकवण पक्की आहे.

दिलेली ओळ जशीच्या तशी स्वीकारावी असंही नाही. 1941 साली न्यूयॉर्कमध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यापुढे अमेरिकन विचारवंत एमर्सन यांचं एक वाक्य ठेवलं. तारे हजार वर्षांतून एकदाच दिसले असते तर माणसांनी त्यांची किती भक्ती केली असती, असा त्याचा आशय. कॅम्पबेलना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते माणसं वेडी झाली असती. विद्यार्थ्यानं घरी जाऊन सहा सूर्यांचं एक जग रचलं, जिथे कधी रात्रच होत नाही, आणि मग शतकांनंतर एकदा ती होते. तो विद्यार्थी म्हणजे आयझॅक अॅसिमोव्ह, आणि ती कथा ‘नाइटफॉल’. 1968 साली अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांनी मतदान करून तिला 1965 पूर्वीची सर्वोत्तम विज्ञान लघुकथा ठरवलं. दिलेलं वाक्य उलटं फिरवलं, एवढंच तर झालं होतं!

अटीचं हे झालं. पण स्पर्धेत आणखी एक यंत्रणा असते, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. लेखकाचं नाव झाकलेलं असतं.

त्याच कुंतलीन स्पर्धेत 1903 साली ‘मंदिर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक म्हणून नाव होतं सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय. त्यांनी ती लिहिलीच नव्हती! लिहिणारा त्यांचा भाचा होता, मामाच्या नावानं कथा पाठवून तो ब्रह्मदेशात नोकरीच्या शोधात निघून गेला होता. ही त्याची छापून आलेली पहिली कथा. या भाच्याचं नाव शरच्चंद्र चट्टोपाध्याय. हो, ‘देवदास’ लिहिणारे तेच.

आणि आता महाराष्ट्रात या. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखक: नारायण विनायक जगताप. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, कारण असा माणूसच नव्हता. आद्याक्षरं पाहा: ना. वि. ज. आता उलटी वाचा. ज. वि. ना. जयंत विष्णु नारळीकर! केंब्रिजहून परतलेले, तिशी ओलांडण्याआधीच पद्मभूषण मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. कथेची सुरुवात त्यांनी अहमदाबादमधल्या एका परिषदेत, कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना केली होती. पण आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अक्षरावरूनही कुणी ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून काढली. पुढे त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला, मराठी विज्ञानकथेला मोठा वाचकवर्ग मिळाला, आणि 2021 साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

दोन शास्त्रज्ञ, दोन कथास्पर्धा, मध्ये 78 वर्षं, आणि दोघांनीही नाव लपवलं. का? नारळीकरांना तरी स्वतःच्या नावाबद्दल नाही, गोष्टीबद्दल कौल हवा होता. नावाजलेल्या माणसाला खरं मत मिळणं किती अवघड! आणि अनामिक माणसाला मत मिळणंच किती अवघड! झाकलेल्या नावाची स्पर्धा हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवते.

नेहमी सोडवते का? नाही. 1833 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये एका साप्ताहिकानं कथा आणि कविता अशी दोन बक्षिसं लावली. कथेचे 50 डॉलर एडगर अॅलन पो नावाच्या कफल्लक तरुणाला मिळाले, आणि तिथून त्याचं नाव होऊ लागलं. कवितेतही पोची रचना पुढे होती, पण दोन्ही बक्षिसं एकालाच कशी द्यायची म्हणून कवितेचं बक्षीस ‘हेन्री विल्टन’ यांना गेलं. हे विल्टन कोण? त्याच साप्ताहिकाचे संपादक जॉन हेविट, टोपणनावानं! पोचा संताप तुम्ही कल्पू शकता. नाव झाकणं पुरत नाही, स्पर्धा भरवणाऱ्याची नियतही साफ लागते. म्हणून कथा पाठवण्याआधी दोन गोष्टी जरूर पाहा: परीक्षक कोण आहेत, आणि कथेवर नाव न घालता ते वेगळ्या कागदावर मागितलं आहे का.

तुम्हाला कथा लिहायची असेल आणि विषय सुचत नसेल, तर विषयाची वाट बघत बसू नका, स्वतःलाच अट घाला. घरातली अगदी साधी वस्तू घ्या, लाटणं, छत्री, रेशनकार्ड, काहीही. ती कथेत आलीच पाहिजे, आणि ती नसती तर कथा घडली नसती, इतकंच ठरवा. पहिल्या तीन कल्पना कागदावर उतरवा आणि त्यांच्यावर काट मारा, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. चौथीपासून एकेक ‘का?’ विचारत चला. लिहून झालं की दिवाळी अंकाची असो, ग्रंथालयाची असो, कॉलेजची असो, एखादी स्पर्धा शोधा आणि मुदतीच्या आत कथा पाठवून द्या. बक्षीस मिळालं नाही तरी हातात एक पूर्ण कथा असेल, आणि अट नसती तर ती नसती.