निखळलेला खांदा : मैदानात पुन्हा कधी उतरावे?

मुळशी तालुक्याला खेळाचे वेड जुनेच आहे. तालमी आहेत, कबड्डीचे संघ आहेत. 2017 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भूगावला झाली आणि पुण्याचा अभिजित कटके गदा घेऊन गेला. भीमजयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांतही सामने भरतात. आपल्या घरांसाठी खेळ हा नुसता विरंगुळाही नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत मैदानी चाचणी आहे. मुलाचा किंवा मुलीचा खांदा निखळला, की घरात पहिला प्रश्न येतो तो हाच : “आता परत कधी खेळता येईल?”

या अंकात आम्ही त्याच प्रश्नाचे उत्तर सोप्या भाषेत मांडत आहोत. थोडक्यात सांगायचे तर, परतीचा दिवस कॅलेंडर ठरवत नाही. खांद्याची तयारी ठरवते.

खांदा इतक्या सहज का निखळतो?

शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ. चेंडू वाटीत नव्हे, तर बशीत ठेवावा तशी ही रचना. बशीच्या काठावर कूर्चेची एक कडा असते, भोवती अस्थिबंधांचे आवरण असते आणि चार लहान स्नायू गोळ्याला जागेवर धरून ठेवतात.

कबड्डीत चढाईपटूचा हात मागे ओढला जातो, कुस्तीत हात लांब असतानाच पैलवान खाली आपटतो, क्रिकेटमध्ये खेळाडू झेपावून कोपरावर पडतो. अशा वेळी गोळा बशीबाहेर सरकतो. दहापैकी नऊहून अधिक वेळा तो पुढच्या बाजूला जातो. जाताना बहुधा कूर्चेची कडा फाडतो. खांदा परत बसवला, दुखणे थांबले, तरी ही फाटलेली कडा पूर्वीसारखी चिकटेलच असे नाही. खरी गोम इथे आहे. विशीच्या आसपासच्या आणि अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रिया न केल्यास निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो, आणि तोही बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. प्रत्येक वेळी कडा आणखी झिजते, हाडही झिजते.

पहिल्या तासात काय करावे?

मैदानावर कोणीही हात ओढून खांदा बसवू नये. हाडाला तडा गेलेला असू शकतो, जवळची नस दबलेली असू शकते. ओढाताणीत हे नुकसान वाढते. हात आहे त्या स्थितीत ओढणीच्या किंवा उपरण्याच्या झोळीत घ्यावा. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे ठेवावा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. बोटे थंड पडली, बधिर झाली किंवा दंडाच्या बाहेरच्या भागाला स्पर्श कळेनासा झाला, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एक्स-रे खांदा बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर, असा दोन्ही वेळा काढून घ्यावा.

चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूचा खांदा निखळला आणि नंतर हात वर उचलता येईना, तर स्नायू फाटला असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारावे.

“डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितलेत”

हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. हे एक ते तीन आठवडे झोळीचे असतात, खेळबंदीचे नव्हेत. झोळी सुटली म्हणजे खांदा बरा झाला असे नाही. व्यायाम सुरू करायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. शस्त्रक्रिया न करता बऱ्या होणाऱ्या खांद्याला साधारण दीड ते तीन महिने लागतात. दुर्बिणीने कडा शिवली असेल, तर कबड्डी-कुस्तीसारख्या खेळात परतायला पाच-सहा महिने धरावेत. मात्र हे अंदाज आहेत, परवानगी नव्हे.

या सहा गोष्टी तपासा

खांद्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांनी स्वित्झर्लंडमधील बर्न इथे एकमताने काही मुद्दे ठरवले. ते 2022 साली प्रसिद्ध झाले. आपल्या भाषेत ते असे :

1. वेदना. सरावात, सरावानंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा दुखतो का? गोळी घेऊन दुखत नसेल, तर ते ‘दुखत नाही’ यात धरू नये.

2. हालचाल. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वर न्या, बाजूला न्या, कोपर वाकवून बाहेर वळवा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? पाठीमागे हात नेऊन दोन्ही अंगठे सारख्याच उंचीवर पोहोचतात का?

3. ताकद आणि दम. दुखऱ्या हाताची ताकद चांगल्या हाताच्या निदान 90 टक्के असावी, असा निकष सर्रास वापरतात. फिजिओथेरपिस्ट ती यंत्राने मोजतात. घरी अंदाज घ्यायचा, तर सायकलची जुनी ट्यूब खिडकीला बांधून कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर ओढा. चांगला हात 20 वेळा ओढतो, तर दुखरा किमान 18 वेळा ओढायला हवा. उजवा हात सवयीचा असेल तर तो मुळात थोडा जास्त ताकदीचा असतो, हेही ध्यानात घ्या.

4. बाकीचे शरीर. फेकण्याची ताकद पायातून निघते, कमरेतून वर येते आणि मग खांद्यात पोहोचते. पाय आणि पोट ढिले असतील, तर सगळा भार खांद्यावर पडतो. म्हणून बैठका पहिल्या आठवड्यांतही बंद पडू देऊ नयेत.

5. मन. पकड करताना खेळाडू दुखरा हात आखडता घेतो का? भीती हे भित्रेपणाचे लक्षण नाही. शरीर अजून विश्वास ठेवत नाही, एवढेच ती सांगते. घाबरत अर्धवट केलेली पकड पूर्ण ताकदीच्या पकडीहून अधिक धोक्याची ठरते.

6. खेळातली नेमकी कृती. कबड्डीपटूने साखळी धरून, पैलवानाने पडण्याचा सराव करून, गोलंदाजाने ठरलेले चेंडू टाकून खांदा पारखावा. आधी हळू, मग वेगाने, मग थकल्यावर. दुखापती बहुधा दमलेल्या अंगाला होतात.

यातील पहिल्या दोन गोष्टी लवकर साधतात आणि तिथेच मुले फसतात. दुखत नाही, हात वर जातो, म्हणजे झाले, असे वाटते. तिसरी ते सहावी गोष्ट राहून जाते.

परतीच्या तीन पायऱ्या

उदाहरण आपल्या शेजारच्याच मैदानातले आहे. 23 मार्च 2021 रोजी मावळातील गहुंजे इथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मुंबईचा श्रेयस अय्यर डाव्या खांद्यावर पडला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. दिल्लीच्या आयपीएल संघाचा तो कर्णधार होता. ती जागा ऋषभ पंतकडे गेली. अय्यर सामन्यात उतरला तो सप्टेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिन्यांनी, आणि तोही पंतच्या हाताखाली खेळाडू म्हणून. नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले.

सरावात परत येणे, सामन्यात परत येणे आणि पूर्वीच्या दर्जाला परत येणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. उत्तम डॉक्टर, उत्तम फिजिओ दिमतीला असलेल्या खेळाडूलाही इतका वेळ लागला. मग आपल्या मुलाला तीन आठवड्यांत उभे करण्याची घाई कशासाठी?

निर्णय कोणी घ्यायचा?

तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. खांदा किती भरला आहे? हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील. खेळ त्या खांद्यावर किती ताण देणार? धावपटूचा आणि पैलवानाचा हिशेब सारखा नसतो. आणि धोका पत्करण्याजोगे कारण आहे का? हे खेळाडूने आणि घराने ठरवायचे आहे. मंडळाची ढाल, प्रशिक्षकाचा हट्ट, मित्रांची ईर्षा ही कारणे नव्हेत. सुई टोचून खेळवतो म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणावे. खांदा कायमचा गेला, तर गोदामात माल उचलण्याचे, गवंड्याच्या हाताखालचे कामही जाते. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथे खांदा हीच पुंजी.

भरतीचे कारण मात्र खरे असते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आहे. मुलांना 1600 मीटर धावण्यासाठी 20, 100 मीटरसाठी 15 आणि 7.260 किलोच्या गोळाफेकीसाठी 15 गुण. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर धावावे लागते आणि गोळा 4 किलोचा असतो. म्हणजे 35 गुण पायांवर आहेत. दुखापतीनंतर डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली, की सगळा जोर तिथे लावावा. ज्या हाताने गोळा फेकतो तो हात निखळलेला नसेल, तर वाट आणखी सोपी. फेकीचा हातच दुखरा असेल, तर हलक्या वजनापासून आठवड्या-आठवड्याने चढत जावे. भरतीच्या आदल्या आठवड्यात एकदम पूर्ण वजनाचा गोळा उचलू नये.

कुठे जावे?

पौडच्या ग्रामीण रुग्णालयात पहिली तपासणी करून घ्यावी. पुढच्या उपचारांसाठी औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे. घरात कोणी कारखान्यात कामाला असेल आणि ईएसआय कार्ड असेल, तर कुटुंबालाही त्याचा लाभ मिळतो. शस्त्रक्रिया सांगितली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. चौकशीचा क्रमांक 155388. फिजिओथेरपीला रोज जाणे परवडत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून घरचे व्यायाम लिहून घ्यावेत. पुन्हा एकदा जाऊन ते बरोबर होतात का, हे दाखवावे.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता. तो चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. खांद्याचेही तसेच. महिनोन् महिने हात झोळीत जपून ठेवला तर तो आखडतो, घाई केली तर पुन्हा निखळतो. रोज थोडा व्यायाम, दर आठवड्याला थोडी वाढ आणि दुखले की एक पायरी मागे, हा मधला मार्ग. वरचे सहा मुद्दे कापून विहारातील फलकावर लावा आणि वस्तीतल्या संघाच्या प्रशिक्षकालाही वाचायला द्या.

जयभीम!