हेडातली पोकळी

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या अलीकडे गाडीनं फुसफुस केली आणि पुढच्या क्षणी प्लग कॅपसकट बाहेर येऊन टाकीखाली लोंबकळायला लागला. यामाहा आरएक्स १००, थोरल्या भावाच्या वेळेपासून घरात असलेली. हेडमधले प्लगचे आटे गेले होते. ॲल्युमिनियमच्या हेडात पोलादी प्लग इतकी वर्षं काढघाल केल्यावर हे कधीतरी होणारच. तिथून मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत गाडी ढकलत आणली.

आट्यांना बुश बसवून घेता आला असता, पण एका दोस्ताकडे जुन्या सामानात दुसरं हेड निघालं. पंख शाबूत, आटे कडक, माझ्याच हेडाचं जुळं भावंड वाटावं असं. मी ते त्याच संध्याकाळी चढवणार होतो. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मेस्त्रींना सहज दाखवलं, तर त्यांनी तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, ह्ये कुणीतरी कापलंय. किती कापलंय ते आदी मोजा, मग बसवा."

ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली, आणि पळवायची हौस असणाऱ्यांनी तिच्या हेडांना तेव्हापासून लेथवर फेसिंग मारून घेतलंय. तोंड कापलं की आतली जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, गाडी चवताळते. पण किती कापायचं याला हद्द असते.

टू-स्ट्रोकचं हेड दिसायला फार साधं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. चार नट काढले की हातात येतं. त्याचं सगळं काम आतल्या वाटीएवढ्या पोकळीत चालतं. पिस्टन वर येतो तेव्हा वाटीच्या कडेचा सपाट पट्टा आणि पिस्टनचा माथा यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. तिथलं पेट्रोल-हवेचं मिश्रण चेपलं जाऊन जोरात मधे, प्लगकडे सरकतं आणि झटकन पेटतं. फट मोठी राहिली तर कडेचं मिश्रण रेंगाळतं, आणि नॉकिंगला वाव मिळतो. फार कमी राहिली तर चढ्या आरपीएमला पिस्टन हेडला जाऊन भिडू शकतो.

ही फट मोजायची रीत मला मनापासून आवडते. सोल्डरिंगच्या तारेचे दोन तुकडे घ्यायचे, ग्रीसच्या थेंबानं पिस्टनच्या माथ्यावर दोन्ही कडांना चिकटवायचे, तेही पिस्टन पिनच्या रेषेत, म्हणजे पिस्टन डुलत नाही. हेड आवळायचं, मॅग्नेटचा नट पान्ह्यानं हळूहळू फिरवायचा. तार चेपली जाताना पान्ह्याच्या दांड्यातून हाताला जड लागतं आणि लगेच हलकं होतं. हेड उतरवून चेपलेलं टोक व्हर्नियरमध्ये धरलं. दोन्हीकडे ०.६ मिलिमीटर. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मला साधारण एक तरी हवं होतं.

मग पोकळी मोजली. प्लगचं भोक सरळ वर येईल अशी गाडी टेकवली, पिस्टन वरच्या टोकाला आणला, रिंगांपाशी ग्रीस लावलं आणि औषधाच्या सिरिंजनं पातळ ऑइल सोडत गेलो. शेवटचे थेंब श्वास रोखून सोडावे लागतात. ऑइल आट्यांच्या खालच्या कडेला टेकलं की थांबायचं. जुन्या हेडात १०.८ सीसी मावलं होतं, यात ९.३. इंजिन ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे ९८ सीसीचं. हिशेब केला तर कॉम्प्रेशन दहापटीवरून साडेअकरापटीवर गेलं होतं. मेस्त्रींच्या अंगठ्याला जे कळलं होतं ते असं आकड्यांत उतरलं, आणि त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

उपाय गॅस्केटचा. या बोअरला जाडी अर्धा मिलिमीटर वाढवली की जवळपास एक सीसी जागा वाढते. मेस्त्रींनी तांब्याच्या पत्र्यातून तेवढं जास्त जाड गॅस्केट कापून दिलं. आईच्या शेगडीवर ते लाल होईपर्यंत धरलं आणि पाण्यात सोडलं. काळी खपली तळाशी बसली आणि मघाशी स्प्रिंगसारखं ताठ असलेलं कडं बोटानं वाकायला लागलं. तांबं असं मऊ झालं की आवळल्यावर बारीकसारीक उंचसखल स्वतःच भरून काढतं. तरीही हेडचं तोंड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, ऑइल टाकून, आठच्या आकड्यात घासलं. आधी मार्करनं रेघा मारल्या होत्या. एका कोपऱ्यातली शाई शेवटपर्यंत जाईना, तिथे खळगा होता. ती पुसली जायला पाऊण तास लागला.

घासता घासता बाबूराव पेंटर आठवले. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा याच शहरात घडवला. खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. लहानपणी त्यावरून जाता-येता वाटायचं, यंत्र घरी करता येतं ही इथे सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट आहे.

मग गॅस्केट ठेवून हेड चढवलं आणि समोरासमोरचे नट, तीन फेऱ्यांत, थोडेथोडे आवळले. पुन्हा तार ठेवली: १.१. चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. गॅस्केटच्या कडेनं साबणाचं पाणी लावलं, कुठेही बुडबुडा नाही.

रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळच्या चढाला मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पिळला आणि कान हेडाकडे लावला. नॉकिंगची खडखड नव्हती. वर थांबून प्लग काढून पाहिला, भाजक्या विटेच्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर नट पुन्हा तपासले. तांबं बसलं होतं. चारपैकी दोन नटांनी आणखी थोडी फेरी घेतली.