मंद नारिंगी तारा आणि अंतराचा प्रश्न : हंस तारकासमूहातील दोन ताऱ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मंद दिसणारा तारा दूरच असला पाहिजे, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळते. वास्तविक ताऱ्याची दृश्य तेजस्विता ही त्याचे अंतर व त्याची मूळ दीप्ती या दोहोंवर अवलंबून असते. हंस तारकासमूहातील दोन नारिंगी ताऱ्यांच्या आधारे ही बाब स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ताऱ्यांचे गुणधर्म :
६१ सिग्नी व क्साय सिग्नी हे तारे आकाशात एकमेकांपासून सुमारे ५ अंशांवर आहेत. दोन्ही 'के' वर्णपटीय वर्गातील आहेत. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन आहे. यांचे ४,००० ते ४,५०० केल्व्हिनच्या दरम्यान असल्याने ते नारिंगी भासतात. क्साय सिग्नीची दृश्यप्रत ३.७ आहे. ६१ सिग्नी हा जोडतारा असून त्याच्या घटकांच्या प्रती ५.२ व ६.० आहेत, म्हणजे तो अधिक मंद आहे. तथापि त्याचे अंतर केवळ ११.४ प्रकाशवर्षे, तर क्साय सिग्नीचे हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. ६१ सिग्नीचे दोन्ही घटक मिळून सूर्याच्या जेमतेम एक चतुर्थांश प्रकाश देतात. उलट, क्साय सिग्नी हा महाराक्षसी तारा असून त्याची दीप्ती सूर्याच्या हजारो पट आहे.

अंतराचे मापन :
रंगावरून तापमान कळते, अंतर नव्हे. पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेमुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. यावरून त्याचा पराशय मिळतो. ६१ सिग्नी दरवर्षी ५ विकलांहून अधिक सरकतो. या वेगवान निजगतीवरून, तो मंद असूनही जवळचा असावा, असा तर्क फ्रीड्रिख बेसेल यांनी केला आणि १८३८ मध्ये त्याचा पराशय सुमारे ०.३१ विकला असल्याचे जाहीर केले. आधुनिक मूल्य ०.२८६ विकला आहे.

सोलापूर येथून निरीक्षण :
ऑक्टोबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास ६१ सिग्नी सोलापूरच्या उत्तर क्षितिजापासून सुमारे ६९ अंश उंचीवर असतो. देनेबच्या पूर्वेस साडेचार अंशांवर क्साय सिग्नी व त्याच्या दक्षिणेस ६१ सिग्नी शोधावा. शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास द्विनेत्रीच्या एकाच दृश्यक्षेत्रात दोन्ही तारे दिसू शकतात. लहान दुर्बिणीतून ६१ सिग्नीचे दोन्ही घटक वेगळे दिसतात.

निष्कर्ष :
समान रंगाच्या या दोन ताऱ्यांपैकी मंद तारा जवळचा व तेजस्वी तारा दूरचा आहे. अल्प साधनांत करता येण्याजोगे हे निरीक्षण पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांत समाविष्ट केल्यास, तेजस्वितेवरून थेट अंतर ठरविण्याची चूक विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लक्षात येईल.